निळ्या टोकाच्या काठ्या

धक्क्यावर लाँचमधून उतरलं की बेटावर एकच रस्ता लागतो. चहाची टपरी, बर्फाचा कारखाना आणि शाळा मागे टाकून तो चढणीला लागतो आणि एका घराशी संपतो. संपतो म्हणजे डांबर संपतं. पुढे घराचं अंगण, मग घराची उजवी भिंत, मग परस. त्या परसातून, स्वयंपाकघराचं दार आणि विहीर यांच्या मधून, एक पायवाट वर जाते. लोक बेटावर येतात ते या वाटेसाठी. बांबूच्या बनातून ती धबधब्याखालच्या डोहाशी पोचते, तिथून वटवाघळांच्या गुहेशी, आणि शेवटी कड्यावर. तिथे उभं राहिलं की बेटाच्या दोन्ही अंगांचा समुद्र एका नजरेत मावतो. बेटावर बघण्यासारखं एवढंच. बाकी नारळ, केळी आणि दुपारी झोपणारी माणसं.

त्या घरात काठीकाकू राहतात.

वर जायला दुसरीकडून वाटच नव्हती. एका हाताला ओढ्याची खोल घळ, दुसऱ्या हाताला उभा खडक. काकूंच्या सासऱ्यांनी घर बांधायला हीच जागा का निवडली, तर वाटेवर घर असलं की जगाच्या बातम्या घरबसल्या कळतात म्हणून. त्या त्यांना कळायच्याही, कारण ते पुढच्या ओट्यावर बसायचे. काकू सून होऊन आल्या तेव्हा त्यांच्या वाट्याला परस आलं.

परसात काय नसतं? धुणं, खरकटी भांडी, मासे साफ करायचा दगड, कोंबड्यांचं खुराडं, न्हाणीघर. काकूंनी पहिल्याच वर्षी न्हाणीचं दार फिरवून भिंतीकडे करून घेतलं. कपडे वाळत घालायला तीन दोऱ्या बांधल्या. बाहेरच्या दोन्हींवर चादरी आणि मधल्या दोरीवर आतले कपडे. घरात कुणी आजारी नसताना रोज एवढ्या चादरी का धुतात, असं एका पाहुणीने विचारलं होतं. काकू म्हणाल्या, "लाज झाकायला."

पाहुणे तसे वाईट नसत, पण परसातून चालणारा माणूस हळूहळू परसातलाच होतो. कुणी चुलीवरच्या भांड्याचं झाकण उचलून "जेवायची सोय आहे का?" विचारी. कुणी विहिरीत डोकावताना चष्मा पाडी आणि मग काकूंचे यजमान गळ घेऊन अर्धा दिवस चष्मा पकडत बसत. एकदा काकू मासे साफ करत असताना एक बाई कॅमेरा रोखून म्हणाल्या, "जरा इकडे बघा ना, हसा." काकू म्हणाल्या, "मासा हसतोय, त्याचा घ्या."

वर्षातून एकदा काकू धुतलेलं लुगडं नेसून, तयारीने बेटाच्या कार्यालयात जाऊन तक्रार करत. तिथला कारकून ठरलेलं उत्तर देई. "काकू, वाट तुमच्या परसातून जात नाही. तुमचं परस वाटेवर आलंय." काकू ठरल्याप्रमाणे चिडून परत येत. पुढे कारकून बदलला, पण उत्तर बदललं नाही. जाणाऱ्याने येणाऱ्याला ते शिकवून ठेवलं असावं.

काठ्यांचं असं झालं. काकूंचा मुलगा लहान असताना एक प्रवासी डोहाजवळच्या ओल्या खडकावर घसरला आणि पायाचा घोटा मोडून रात्रभर तिथेच पडून राहिला. तो वर गेलाय हेच कुणाला माहीत नव्हतं. सकाळी लाकडं आणायला गेलेल्यांना सापडला. माणूस वाचला. पण तो आपल्या दारावरून गेला, आपण भांडी घासत होतो, आणि तो उतरला नाही हे आपल्याला कळलं नाही, ही गोष्ट काकूंच्या डोक्यातून जाईना. यजमान होड्या बांधणारे सुतार. काकूंनी त्यांच्याकडून उरल्यासुरल्या लाकडाच्या दोन डझन काठ्या करून घेतल्या. होडीला लावून उरलेला निळा रंग डब्यात होता, त्यात सगळ्यांची टोकं बुडवली. विहिरीशेजारी एक गळकं पिंप होतं, त्यात काठ्या उभ्या केल्या.

वर जाणाऱ्याने काठी घ्यायची, उतरल्यावर पिंपात टाकायची. नियम एवढाच. पैसा नाही, वही नाही. ओल्या खडकावर काठीचा आधार व्हायचा, म्हणून पाहुणे खूश. संध्याकाळी काकू कोंबड्या कोंडायच्या, मग पिंपाकडे बघायच्या. सगळ्या काठ्या असल्या की परसाचं दार लावायच्या. एखादी कमी असली की सुतारकाका कंदील घेऊन निघायचे. बहुतेक वेळा कड्यावर एखादं जोडपं बसलेलं सापडायचं आणि काका खोकत खोकत परत यायचे.

एवढ्या वर्षांत एकही माणूस वर राहिला नाही. काठीकाकू हे नाव तेव्हापासूनचं.

मुलगा मोठा झाला, धक्क्यावर लाँचचे दोर बांधण्या-सोडण्याच्या कामाला लागला आणि त्याचं लग्न झालं. सून पलीकडच्या किनाऱ्यावरची. शिवणकाम करणारी, हात चलाख आणि जीभही. तिचं मशीन मागच्या खोलीत खिडकीपाशी ठेवलं, कारण उजेड तिथे. खिडकी वाटेकडे.

पहिल्या आठवड्यातच एक पाहुणा खिडकीत उभा राहून म्हणाला, "ताई, पँट उसवली हो बांबूत अडकून. दोन टाके मारता का?"

"काढून द्या," सून म्हणाली.

"दुसरी नाही माझ्याकडे."

शेवटी काकूंनी त्याला चादर दिली आणि तो मधल्या दोरीपाशी चादर गुंडाळून उभा राहिला. पँट शिवून झाली, माणूस आभार मानून वर गेला. सून मशीनवरून उठली ती सरळ काकूंसमोर.

"आई, मी लग्न करून आले की प्रदर्शनात?"

"होते गं सवय."

"तुम्हाला झाली?"

काकूंना ती कधीच झाली नव्हती. कार्यालयातले सगळे कारकून त्याचे साक्षीदार होते.

पुढच्या महिन्यात मुलाने एक किल्ली आणून दिवाणखान्यातल्या खिळ्याला अडकवली. बर्फाच्या कारखान्याशेजारी, धक्क्यासमोर एक खोली रिकामी होती. "आत्ताच जातोय असं नाही," तो आईकडे न बघता म्हणाला. "पण तिला इथे श्वास घेता येत नाही. तू बघ, काही होतंय का."

एकुलता एक मुलगा. काकूंनी त्या किल्लीकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी कार्यालय गाठलं. या वेळी त्या चिडल्या नाहीत. कारकुनाने उत्तरासाठी तोंड उघडलं तेव्हा म्हणाल्या, "परस वाटेवर आहे, माहीत आहे मला. माझं घर फुटतंय, ते सांगायला आले."

कारकुनाने लगेच काही केलं असं नाही. पण बेटावर येणारे वाढले होते, वरच्या कचेरीकडून पूल बांधायचा विचार येऊन पडलेला होता, आणि काकू दर आठवड्याला येऊन बसू लागल्या. त्या बसायच्या आणि काहीच बोलायच्या नाहीत. कार्यालयातल्या लोकांना ते बोलण्यापेक्षा जड जाई. पुढच्या कोरड्या हंगामात घळीवर लोखंडी पूल झाला. शाळेपाशी पाटी लागली, पायऱ्या झाल्या, कठडे झाले. नवी वाट बांबूच्या वरच्या अंगाला जुन्या वाटेला मिळाली.

सुतारकाकांनी होडीच्या फळ्यांचं फाटक करून परसाची वाट बंद केली. कडी आतून.

सुनेने त्या दिवशी सगळे कपडे बाहेरच्या दोरीवर, भर उन्हात वाळत घातले. मशीनची खिडकी सताड उघडी ठेवून ती गाणं गुणगुणत शिवत बसली. किल्ली खिळ्यालाच होती, पण तिच्यावर धूळ बसू लागली. काकूंना आणखी काय हवं होतं?

संध्याकाळी कोंबड्या कोंडून त्या सवयीने पिंपाकडे गेल्या. सगळ्या काठ्या जागच्या जागी. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी एका काठीवर कोळ्याने जाळं विणलं.

"भोपळ्याच्या वेलाला लावू का त्या?" काकांनी विचारलं.

"राहू द्या."

"मग तिथे उभं राहून काय बघतेस?"

"काही नाही."

"वाट होती तर बोंब, नाही तर सुतक," काका म्हणाले. "असून अडचण, नसून खोळंबा."

"तुम्ही रंधा मारा," काकू म्हणाल्या.

पुलावरून किती जण वर जातात, किती उतरतात, हे आता कुणालाच ठाऊक नव्हतं. काकू शाळेपाशी कधी गेल्या तर पाटी वाचणाऱ्यांकडे टक लावून बघत आणि मग मीठ आणायचं विसरून घरी येत. पण त्या कुणाकडे काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर सुनेला वाटलं असतं, सासूला वाट परत हवी आहे. आणि किल्ली खिळ्याला होती.

एकदा काकू दुपारी बाजारात गेल्या असताना फाटकावर टकटक झाली. सुनेने कडी काढली. बाहेर पांढऱ्या टोपीतले एक आजोबा, हातात छत्री.

"वर जायचंय," ते म्हणाले.

"वाट आता शाळेपासून आहे, आजोबा. पूल आहे, कठडे आहेत."

"पूल मला माहीत नाही. ही विहीर माहीत आहे. माझ्या बायकोने इथलं पाणी प्यायलं होतं आणि मी तुमच्या कोंबडीवर पाय दिला होता. तुमच्या सासूबाईंनी मला काय काय ऐकवलं म्हणून सांगू! बायको वरपर्यंत हसत होती."

"त्या येतील इतक्यात. बसता का?"

"उतरताना भेटतो. काठी द्या तेवढी. निळ्या टोकाची."

त्यांच्याशी वाद घालणं सुनेला जमेना. तिने कोळ्याचं जाळं पुसून काठी दिली, फाटक उघडं ठेवलं आणि मशीनवर जाऊन बसली. कुणाचा तरी शाळेचा गणवेश संध्याकाळपर्यंत द्यायचा होता.

काकू आल्या, चहा झाला, कोंबड्या कोंडल्या. पिंपाकडे गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "एक काठी कुठे गेली?"

सुनेच्या हातातली कात्री थांबली. तिने सगळं सांगितलं.

"कोंबडीवर पाय देणारा? तो?" काकूंना तो लगेच आठवला. "आणि उतरला नाही?"

"माझं लक्ष नव्हतं, आई."

"काठी दिली की लक्ष ठेवायचं असतं! नाही तर द्यायचीच नाही. खिडकी आहे ना तुझी वाटेवर? नको तेव्हा दिसतं सगळं आणि हवं तेव्हा काही नाही?"

हे बोलून झाल्यावर काकूंना कळलं की आपण काय बोललो. सून कात्री ठेवून उठली. तिने पायात चपला घातल्या.

मुलाला फोन लावला, पण शेवटच्या लाँचच्या वेळी त्याच्या दोन्ही हातांत दोर असतात. सुतारकाका कंदिलाची काच पुसत होते. सून त्यांच्यासाठी थांबली नाही. पिंपातली एक काठी उचलून ती फाटकातून बाहेर पडली आणि काकू तिच्यामागे निघाल्या. बांबूच्या बनापर्यंत त्या टिकल्या. तिथे गुडघ्याने दगा दिला आणि त्या एका दगडावर बसल्या.

"तू हो पुढे. डोहाच्या डाव्या हाताला बघ, ओल्या खडकापाशी. तिथेच पडतात."

लग्न होऊन वर्ष झालं, पण सून या वाटेने कधी वर गेली नव्हती. रोज लोक जिथे जातात तिथे जाण्यासारखं काय असणार, असं तिला वाटे. डोहापाशी पोचली तेव्हा उजेड पिवळा झाला होता. पाणी तळापर्यंत स्वच्छ होतं आणि धबधब्याचा आवाज इतका मोठा की आपली हाक आपल्याच कानापर्यंत पोचत नव्हती. "आजोबा! अहो आजोबा!" डाव्या हाताच्या खडकापाशी कुणी नव्हतं. तिने काठी पाण्यात घालून पाहिली. मग आपण काय शोधतोय हे लक्षात येऊन तिने ती चटकन बाहेर काढली.

गुहेपाशी गेली तर वटवाघळांची निघायची वेळ. काळा धूर निघावा तशी ती बाहेर पडू लागली. सून डोक्यावर हात घेऊन खाली बसली आणि संपेपर्यंत तशीच बसून राहिली. ती संपता संपेनात. मग उठून कड्यावर गेली.

कड्यावरही कुणी नव्हतं. दोन्हीकडे समुद्र होता, एकीकडे उजळ आणि एकीकडे अंधारलेला. खाली शेवटची लाँच धक्का सोडून निघाली होती. पलीकडच्या उतारावर पूल दिसत होता, कठडे दिसत होते, आणि त्या पायऱ्यांवरून लाल कपड्यांतलं एक माणूस हळूहळू उतरत होतं. लाँच तर गेली. याला कुणी सांगितलं असेल का? हे कुणाच्या तरी लक्षात आहे का? सून ते माणूस पायथ्याशी पोचेपर्यंत हलली नाही. मग उतरायला लागली.

काका कंदील घेऊन डोहापर्यंत आले होते. बनातून काकूंना घेऊन तिघंही अंधार पडता पडता परसात पोचली, तर विहिरीच्या कठड्यावर मुलगा बसलेला. मांडीवर निळ्या टोकाची काठी.

"कुठे गेला होतात सगळे? फाटक उघडं, घर उघडं."

काकूंची नजर काठीवर. "ही कुठे सापडली?"

"सापडली कुठे? पांढऱ्या टोपीतल्या एका आजोबांनी दिली धक्क्यावर. उतरताना पुलाकडून आले म्हणे, गुडघ्यांना कठडा बरा वाटला. म्हणाले, काकूंना सांगा, मी उतरलो. आणि कोंबडीची माफी मागितली आहे."

सुतारकाकांना हसू फुटलं, ते इतकं की कंदील खाली ठेवावा लागला.

"हसताय काय!" सून म्हणाली. तिच्या केसांत बांबूची पानं होती, एक चप्पल तुटलेली होती. "मी तिकडे वटवाघळांत बसून आजोबा, आजोबा करत होते. आणि आजोबा लाँचमध्ये!"

"शेंगदाणे खात होते," मुलगा म्हणाला. त्याला वाटलं, माहिती दिलेली बरी.

सून आत निघून गेली. काकू बराच वेळ पिंपाशी उभ्या होत्या. इतक्या वर्षांचा हिशेब एका पुलाने मोडला होता. एकच वाट होती तोवर पिंप खरं बोलत होतं. आता उतरायच्या वाटा दोन झाल्या आणि रिकाम्या जागेचा अर्थ लागेनासा झाला. हे आपल्याला सुचलं नाही. न सुचून आपण सुनेला जे बोललो ते मात्र बोलून झालं होतं.

रात्री जेवताना त्या सुनेला म्हणाल्या, "मासा घे अजून."

"नको."

काकूंची माफी मागायची पद्धत मासा वाढण्याची होती. सुनेला ती कळलीही असेल, पण तिने घेतला नाही.

सकाळी काकू उठल्या तर खिळा रिकामा. भिंतीवरच्या धुळीत किल्लीच्या आकाराची स्वच्छ जागा राहिली होती. मागच्या खोलीत मुलगा आणि सून मशीन उचलत होते.

काकू दारात उभ्या राहिल्या. शब्द शोधत होत्या, पण जे मिळत होते ते सगळे तक्रारीचे होते आणि आज ते उपयोगाचे नव्हते. "मी काल बोलायला नको होतं," त्या शेवटी म्हणाल्या. "तोंड आहे माझं. तुला माहीत आहे."

"आई, दारातून बाजूला व्हा, मशीन जड आहे."

"गादी तरी राहू दे. नवी आहे."

सून थांबली. "गादी कशाला नेऊ? झोपायला इथेच येणार आहे. तिथे बर्फाच्या कारखान्याचं यंत्र रात्रभर चालतं, डोळ्याला डोळा लागेल का?"

"मग मशीन?"

"मशीन दिवसा तिथे. गिऱ्हाईक तिथे येतं, आणि..." तिने परसाकडे मान वळवली. "काठ्या पण तिथेच न्यायच्यात. पिंपासकट. पुलावरून जा नाही तर इकडून जा, माणूस येतो लाँचने आणि जातो लाँचने. मी खोलीत बसलेली असणार, हे धक्क्यावर उभे असणार. शेवटची लाँच सुटायच्या आधी पिंप बघायचं. काल एक लाल कपड्यांतलं माणूस वरून उतरताना पाहिलं मी, तेव्हा लाँच सुटली होती. त्याचं पुढे काय झालं?"

"शाळेच्या व्हरांड्यात झोपला तो," मुलगा म्हणाला.

"बघा."

काकूंनी पिंपाकडे पाहिलं. विहिरीशेजारी जमिनीत त्याचा गोल खळगा पडला होता. "ते गळकं पिंप लोक बघतील धक्क्यावर," त्या म्हणाल्या. "रंग तरी लावून न्या."

सुतारकाकांनी पिंपाला निळा रंग लावला. हातगाडीवर आधी मशीन गेलं, मग पिंप, आणि काठ्यांची मोळी काकूंनी स्वतः बांधली.

खोली धक्क्यासमोरच, त्यामुळे लाँचमधून उतरणारा प्रत्येक जण आता सुनेच्या दारावरून जातो. उसवलेल्या पँटा येतात, तुटलेले पट्टे येतात, कुणी नुसतंच डोकावून "हे काय शिवताय?" विचारतं. पहिल्या आठवड्यानंतर ती घरी येऊन म्हणाली, "आई, तिथे तर सगळं बेट माझ्या दारातून चालतं."

"मग? परत आणायचं मशीन?"

"तिथे माझे कपडे वाळत नाहीत ना," सून म्हणाली आणि मासा वाढून घेतला.

परसाचं फाटक बंद असतं. संध्याकाळी कोंबड्या कोंडल्या की काकू पुढच्या ओट्यावर, सासऱ्यांच्या जागी, येऊन बसतात. रस्त्याने सून आणि मुलगा चढताना दिसले की तिथूनच विचारतात, "सगळ्या आल्या?" आणि खालून उत्तर येतं, "आल्या." मग उठून चहा टाकतात.

एके दिवशी उत्तर आलं नाही. सून एकटीच जवळजवळ पळत वर आली. "आई, एक कमी आहे. लाँच थांबवून धरली आहे यांनी. मी तर एकालाही नजरेआड होऊ दिलं नाही आज. बाबांना कंदील घ्यायला सांगा."

काकू ओट्यावरून उठल्या नाहीत. पायाशी हात घालून त्यांनी निळ्या टोकाची काठी वर काढली. दुपारी जेवणाचा डबा घेऊन त्या धक्क्यावर गेल्या होत्या, तेव्हा सुनेची पाठ होती.

"माझ्याकडे आहे," त्या म्हणाल्या. "फाटकातून डोहापर्यंत जाऊन आले. गुडघा बराय जरा. फोन कर त्याला, लाँच सोड म्हणावं. मी उतरले."